कुत्र्याच्या परवान्यावरचा पत्ता

नोरीन क्लिंगर शाळेची बस चालवायची. आमच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, निम्म्या पोरांना तिने दटावून जागेवर बसवलंय, पुढे त्यांच्या पोरांनाही. निवृत्त झाल्यावर ही बाई घरात स्वस्थ बसेल असं ज्यांना वाटलं, त्यांना नोरीन कळलीच नव्हती. शाळेच्या जुन्या वर्गांचे मेळावे भरतात, त्यासाठी कोण कुठे आहे ते हुडकून काढायचं काम तिने अंगावर घेतलं. काउंटीच्या कचेरीत जमिनीची, लग्नांची, खटल्यांची दप्तरं कुणालाही बघता येतात. फक्त चिकाटी लागते, आणि ती नोरीनकडे पोत्याने होती. कुणी तिसरं लग्न केलं, कुणाचं घर बँकेने ओढलं, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. पण चहाडी तिने कधी केली नाही. पत्ता द्यायची आणि गप्प बसायची.

एकाच माणसाला तिने कधी शोधलं नव्हतं, तो म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ वेंडेल. ओढ्याकाठचं शेत वेंडेल कसायचा, ते बापाने त्याला न विचारता शेजाऱ्याला विकून टाकलं. त्या दिवशी तो सामान ट्रकमध्ये टाकून गेला तो गेलाच. पुढे बाप वारला, तेव्हाही आला नाही. नोरीनच्या डोक्यात तिडीक बसली ती तिथे. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "हरवलेल्याला शोधतात. हा रुसलाय. रुसू दे!"

यंदा बर्फ वितळायच्या सुमारास आईचं, म्हणजे ओपलचं, हृदय कुरकुरायला लागलं. या वयात कापाकापी नको, असं डॉक्टर म्हणाला. म्हातारी खमकी. तिने घर आधीच नोरीनच्या नावावर करून ठेवलं होतं. आपल्यामागे पोरीला कोर्टाचे हेलपाटे पडू नयेत म्हणून आमच्याकडे बरीच म्हातारी माणसं असं करतात. डॉक्टरकडून परतताना ती गाडीतच म्हणाली,

"मला वेंडेलला बघायचंय."

"तो कुठे आहे मला काय ठाऊक?"

"साऱ्या गावाची माणसं शोधतेस, आणि माझं एक पोरगं तुला सापडत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली.

आधी तिने मृत्यूची नोंद बघितली. इतकी वर्षं लोकांच्या नोंदी ती सुपारी चघळावी तशा सहज बघायची, पण त्या दिवशी तिने यादी बोट ठेवून दोनदा वाचली. वेंडेलचं नाव तिथे नव्हतं. गाडीत येऊन ती रडली, आणि ज्याच्यावर एवढा राग धरला त्याच्यासाठी आपण रडतोय म्हणून स्वतःवरच चिडली. मग शेजारच्या काउंट्या पालथ्या घातल्या. नावावर जमीन नाही, घर नाही. लग्न नाही. मतदारयादीतून नाव उडालेलं. साधा वेगाने गाडी चालवल्याचा दंडसुद्धा नाही.

"मेला सरळमार्गी!" नोरीन घरी येऊन करवादली. "जरा कुठे भांडला असता तर सापडला असता."

ओपल घरच्या नूडल्ससाठी पीठ लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "कुत्रं बघितलंस?"

"कुठलं कुत्रं?"

"त्याचं. कुत्र्याशिवाय राहिलाय का तो कधी?"

नोरीनने कपाळावर हात मारला. आमच्याकडे प्रत्येक कुत्र्याचा दरसाल परवाना काढावा लागतो. गळ्यात परवान्याचा बिल्ला नसला तर कुत्रं उचलून नेतात, म्हणून सरकारशी कसलाच संबंध न ठेवणारी माणसंही ही एक नोंद चुकवत नाहीत. ती तशीच उठून नदीपलीकडच्या काउंटीच्या कचेरीत गेली. तिथल्या खिडकीवर ट्रिश असते, नोरीनच्याच बसमधून शाळेत गेलेली.

"क्लिंगर, वेंडेल," ट्रिशने पडद्यावर बघून वाचलं. "बीगल, मादी, नाव पिकल. गिरणीच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहतात. नोरीन, हे तर इथून हाकेवर आहे."

नोरीनच्या घरून नुसता पूल ओलांडला की पोचता येईल इतक्या जवळ. नोरीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी ती निघाली तर ओपल आधीच गाडीत बसलेली, मांडीवर नूडल्सचं भांडं.

"तू घरी थांब. तो दारसुद्धा उघडायचा नाही."

"नाही उघडलं तर आपण दोघी खाऊ. चल."

आईला गाडीत ठेवून नोरीन एकटीच पुढे गेली. आत कुत्रं भुंकलं. दार उघडलं, आणि पांढऱ्या दाढीचा, पायात नुसते मोजे घातलेला वेंडेल तिच्याकडे बघत राहिला. तिने सगळं भांडण रस्ताभर घोकून ठेवलं होतं, पण आधी तोच बोलला.

"आईचं कळलं मला. उशिरा कळलं, नोरीन."

"काय कळलं?"

"मी दरवर्षी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर आपल्या घराची घरपट्टी कुणाच्या नावावर आहे ते बघतो. बाबांचं नाव गेलं तेव्हा ते गेल्याचं समजलं, तोवर सगळं उरकलं होतं. आईचं नाव मात्र असायचं. नाव दिसलं की वाटायचं, आहे, पुढच्या वर्षी जाऊ. या खेपेला बघितलं तर तुझं नाव." त्याने भुंकणाऱ्या कुत्रीला मागे ओढलं. "तिच्या मातीलाही मी नव्हतो."

नोरीनचा राग कुठल्या कुठे गेला. माणसं शोधायची तिचीच रीत, आणि तिचा भाऊ इतकी वर्षं त्याच रीतीने आईला बघत होता. तिला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही.

"गाढवा," ती म्हणाली, "घर तिने हयातीतच माझ्या नावावर केलं. ती गाडीत बसलीय."

वेंडेलने गाडीकडे बघितलं. मग तो तसाच पायरी उतरला, मोज्यांनिशी, अंगणातल्या चिखलातून चालत. मागोमाग कुत्रीही निघाली.

गाडीची काच खाली झाली.

"अरे, पायात काही घाल," ओपल म्हणाली. "सर्दी होईल."