उलटी धरलेली बाटली

कारखान्यात त्याला सगळे भिंग म्हणत. खिशाला दोरीने बांधलेलं एक भिंग कायम लटकत असायचं म्हणून. पुढे पगारवाटपाच्या खिडकीतला माणूससुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायला लागला.

बत्तीस वर्षं त्याने एकच काम केलं. औषधांच्या कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या यायच्या. प्रत्येकीवर लेबल चिकटलेलं असायचं. ते नीट चिकटलंय का, हे तो बघायचा. वाकडं लागलेलं, सुरकुतलेलं, कोपरा उचललेलं, शाई फाकलेलं लेबल दिसलं की बाटली बाजूला. बाकीच्या पुढे. मिनिटाला चाळीस.

पहिल्याच दिवशी मुकादमाने त्याला शिकवलं होतं, "वाचू नकोस. वाचायला लागलास की मेलास. डोळा शब्दामागे पळतो आणि डाग सुटतो. बाटली उलटी धर."

म्हणून तो बाटल्या उलट्या धरून बघायचा. उलट्या धरल्या की अक्षरं अक्षरं राहत नाहीत. नुसत्या काळ्या मुंग्या होतात, आणि रांगेतली एक मुंगी जरी वाकडी चालली तरी लगेच कळते. अशा किती लाख बाटल्या त्याच्या हातून गेल्या असतील कोण जाणे. त्यांतल्या एकीवरही काय लिहिलं होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

निवृत्त झाल्यावर काम सुटलं, हात सुटला नाही. घरात आलेली प्रत्येक बाटली फळीवर जायच्या आधी उलटी व्हायची. एकदा तेलाची झाली. झाकण सैल होतं.

"अहो," त्याची बायको फरशी पुसता पुसता म्हणाली, "लेबल सरळ आहे ना? मग झालं तर. तेल काय, मी चमच्याने भरते परत."

त्यांची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रं, कापायचं टेबल आणि भिंतीला मापाच्या फितींचा जुडगा. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं वजन वाढलं ते काही केल्या उतरेना. चार वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळीही चालू होती. दिवसभर लोकांच्या कमरा मोजायच्या आणि स्वतःची फीत गुंडाळून ठेवायची, याचा तिला कंटाळा आला होता.

एका दुपारी ती एक बाटली घेऊन माहेरी आली. हिरवी बाटली, त्यावर पान, पानाखाली सडपातळ कंबर.

"बाबा, हे बघा बरं. वजनाचं आहे. सगळं झाडपाल्याचं, औषध नाही. दुकानातली बाई म्हणाली, अपाय नाहीच काही. पण म्हटलं, घरात तपासनीस असताना बाहेरच्यांवर कशाला विश्वास ठेवा?"

त्याला बरं वाटलं. निवृत्तीनंतर कुणी त्याला काही तपासायला दिलं नव्हतं. तो खिडकीपाशी गेला. बाटली उलटी केली, हळूहळू फिरवली. लेबल अगदी एका सुतात, सरळ होतं. जोड केसभरही सरकलेला नव्हता. शिक्का ठसठशीत. एका बाजूला दुकानदाराने 'खास सवलत' अशी नारिंगी चकती लावली होती. लेबलावर लेबल म्हणजे खरं तर पहिल्या नंबरचा दोष. पण दुकानदाराचं चिकटवणं आपल्या खात्यात येत नाही, असं त्याने मनाशी ठरवलं. आणि चकतीला एकही बुडबुडा नव्हता.

"चांगली आहे," तो म्हणाला. "घे."

तिने घेतली. रोज दोन कॅप्सूल, जेवणाआधी.

दोन महिन्यांत तिने स्वतःच्या कपड्यांना बाजूच्या शिवणी तीनदा आत घेतल्या. एकूण अडीच इंच. दर वेळी ती आईला येऊन दाखवायची. तिसऱ्या बाटलीला सुरुवात झाली होती. इतकी खूश ती लग्नातही नव्हती, असं तिची आई म्हणायची.

मग एकदा भिंग तिच्या खोलीत कोटाची बटणं लावून घ्यायला गेला. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा ओला केला, नेम धरला, चुकला. पुन्हा ओला केला, पुन्हा चुकला. चौथ्या वेळी तिने सुईच टेबलावर टाकली.

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. आयुष्यभर बारीकसारीक टिपण्यावरच पोट भरलेला माणूस. बोटं थरथरत होती. थोडीच, पण सारखी.

"झोप होत नाही हल्ली," ती म्हणाली. "होईल ठीक."

आईही त्याच्यासोबत आली होती. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "अगं, छाती केवढी धडधडतेय तुझी! जिना पळत आलीस की काय?"

मुलगी अर्धा तास खुर्चीतून उठली नव्हती.

"त्या गोळ्यांनी तर नाही ना होत?" आई म्हणाली.

"आई, काहीतरीच. बाबांनी स्वतः बघून दिलीय बाटली."

भिंगाने कोटाची बाही उलटी केली, सरळ केली. मुलीची पहिली रिकामी बाटली टेबलावरच होती. तिने तिच्यात बटणं भरून ठेवली होती. त्याने बटणं एका बशीत ओतली आणि बाटली खिशात घातली.

"कोट न्यायचा सोडून बाटली नेताय?" मुलगी हसली.

"देतो परत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला आल्यावर तो खिडकीशी बसला. बाटली हातात घेतली आणि हात आपोआप वळला. बाटली उलटी झाली. त्याने ती सरळ केली. मान खाली घालून वाचू लागला तर तेवढ्यात पुन्हा उलटी. शेवटी त्याने ती टेबलावर ठेवली, दोन्ही बाजूंना विटेएवढे दोन डबे लावून पक्की केली आणि हात मांडीखाली घेतले.

"हात बांधून ठेवलेत काय?" बायकोने विचारलं.

"काम करतोय."

मोठी अक्षरं वाचून झाली. बारीक अक्षरं जोडाजवळ होती, आणि जिथे ती संपायला हवी होती तिथे नारिंगी चकती होती. त्याने चहाचं पाणी उकळायला ठेवलं. वाफेवर बाटली धरली, मोजून साठ आकडे, मग नखाने चकतीची कड उचलली. घाई केली तर चकतीबरोबर खालचं लेबल येतं. त्याने घाई केली नाही. पाव तास गेला, पण चकती अख्खी निघाली आणि खालची अक्षरं शाबूत राहिली.

खाली तीन ओळी होत्या. गर्भवती स्त्रिया, हृदयाचा किंवा थायरॉईडचा विकार असलेल्या व्यक्ती, नियमित औषध घेणाऱ्या व्यक्ती यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

त्याने त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग भिंग खाली ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसला. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. बसत नव्हती.

मग त्याने वही घेतली आणि घटकांची यादी उतरवली. अकरा नावं, लांबलचक, झाडांची शास्त्रीय नावं. अर्थ एकाचाही लागेना. अक्षरामागून अक्षर उतरवलं, मग भिंगातून ताडून पाहिलं. एका ठिकाणी एक अक्षर राहिलं होतं, ती ओळ खोडून पुन्हा लिहिली. यादीच्या वर लिहिलं होतं 'मिश्रण, आठशे मिलिग्रॅम'. कुठलं किती, ते कुठेच नाही. हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं. खोक्यात काय किती आहे ते न लिहिता खोकं त्यांच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी गेलं नव्हतं.

दुपारी तो वही आणि बाटली घेऊन चौकातल्या औषधांच्या दुकानात गेला. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहिला. औषधवाली बाई चष्मा कपाळावर चढवून वही वाचू लागली.

"काका, हे तुम्ही हाताने लिहिलंत? लोक बाटलीसुद्धा आणत नाहीत. म्हणतात, ती हिरवी असते ना, ती."

"काय आहे यात?"

ती बोट ठेवत गेली. "हा हिरवा चहा. ही कॉफीची कच्ची बी. हीसुद्धा तसलीच एक बी. तीन नावं, पण तिन्हींचं काम एकच, कॉफी प्यायल्यासारखं. कपावर कप. ही सोनामुखी, जुलाबाची. त्याने चरबी जात नाही, पाणी जातं. आणि हे…" तिचं बोट थांबलं. "हे समुद्रातलं शेवाळ. यात आयोडीन असतं. किती, ते यांनी लिहिलेलं नाही. घेतंय कोण?"

"मुलगी. थायरॉईडची गोळी चालू आहे तिला."

बाईने चष्मा खाली घेतला. "डॉक्टरांना माहीत आहे?"

"झाडपाला म्हणून सांगितलं नसणार."

"हे बघा, मी काही डॉक्टर नाही. पण आज थांबवायला सांगा, आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडे पाठवा. यादीपण द्या. आणि थायरॉईडची गोळी तिने मनाने बंद करायची नाही, हेही सांगा."

दुकानातून मुलीचं घर सरळ रस्त्यावर होतं. तरी तो आधी स्वतःच्या घरी गेला. पेटीतून लाल पेन्सिल काढली.

कारखान्यात एक रीत होती. पुढे सोडलेल्या मालात दोष निघाला, तर तो ज्याने सोडला त्यानेच आणायचा. हमाल पाठवायचा नाही. स्वतः गोदामात जायचं, खोकं स्वतःच्या खांद्यावर घालायचं, सगळ्यांच्या समोरून चालत यायचं आणि त्यावर लाल पेन्सिलीने 'परत' लिहून खाली आपली सही करायची. बत्तीस वर्षांत इतरांवर ही पाळी आलेली त्याने पाहिली होती. त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि निरोपाच्या दिवशी मुकादमाने ते बोलूनही दाखवलं होतं.

त्याने बाटलीवर 'परत' लिहिलं. खाली सही केली. मग निघाला.

मुलगी आरशासमोर उभी होती. अंगावर जुना पोशाख, शिवणी आत घेतलेला. त्याने बाटली टेबलावर ठेवली, वही उघडून शेजारी ठेवली आणि औषधवाली जे बोलली ते सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

ती ऐकून घेताना लाल झाली. "तुम्हीच म्हणालात ना, चांगली आहे?"

"म्हणालो."

"मग?"

"मी वाचलंच नव्हतं. चिकटवलेलं बघितलं."

"दोन महिने, बाबा! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उतरलं होतं." तिचा आवाज फाटला. "आता म्हणे, थांब. तुम्हाला काय जातंय सांगायला? परत चढेल सगळं."

"चढेल कदाचित."

"मग असं बोला ना की चढणार नाही!"

"ते मला माहीत नाही. एकदा न वाचता बोललोय. पुन्हा नाही."

ती खाली बसली. बाटलीवरची लाल अक्षरं तिला आता दिसली. लहानपणी ती डबा द्यायला कारखान्यात जायची. तेव्हा फाटकापाशी एक तपासनीस खांद्यावर खोकं घेऊन चालत येताना तिने पाहिला होता. बाकीचे हातातलं काम थांबवून बघत होते. त्या दिवशी बाबांनी डब्यातलं काही खाल्लं नव्हतं.

"सही कशाला केलीत?" ती हळूच म्हणाली. "मी काय कुणाला सांगणार होते?"

त्याने वही मिटली. तिने हात पुढे करून बोटं बघितली. थरथर होतीच.

"चला," ती म्हणाली. "दवाखाना सहापर्यंत असतो. वही घ्या. तुमचं अक्षर मला लागत नाही."

डॉक्टरांनी नाडी बघितली, वही वाचली, रक्त घ्यायला लावलं. कॅप्सूल आजपासून बंद. थायरॉईडच्या गोळीचं रक्ताचा अहवाल आल्यावर बघू. घाबरायचं काही नाही, पण आणखी दोन महिने घेतल्या असत्या तर हेच वाक्य बोलता आलं नसतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी वहीचं पान मागितलं. भिंगाने ते पट्टी लावून सरळ फाडून दिलं.

तीन आठवड्यांनी तो कोट न्यायला गेला. मुलीने त्याच्यासमोर सुईत दोरा ओवला. पहिल्या नेमात. तिच्या पोशाखाची एक शिवण उसवून परत बाहेर घेतलेली होती. बाकीच्या दोन तशाच होत्या. हिरव्या बाटलीत बटणं होती, आणि बाटलीवर 'परत' होतं.

निघताना तिने त्याच्या हातात एक डबी दिली. कसलंतरी पीठ, पाण्यात ढवळून प्यायचं, शेजारणीने सुचवलेलं.

"वाचून सांगा," ती म्हणाली. "घाई नाही. आणि बाबा, सरळ धरून."

डबी हातात येताच मनगट अर्धं फिरलं होतं. त्याने ते परत आणलं, डबी खिशात घातली आणि उद्या सकाळी उजेड कितीला येतो त्याचा हिशेब करत जिना उतरला.