जरीनाचं आवाहन

चिऊ, परवा फोनवर तू म्हणालीस की शाळेत 'पर्सुएसिव्ह' निबंध लिहायचाय. तो शब्द ऐकला आणि मुरुडच्या आमच्या वर्गातला खडूचा वास आला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ होता. इंग्रजीच्या सरांनी समजावलं होतं, समोरच्याला पटवायचं तर आधी म्हणणं, मग पुरावा, शेवटी आवाहन.

माझी मैत्रीण जरीना, तिचे अब्बा कापड रंगवायचे. विहीर आटल्याने ते घरादारासह हैदराबादला निघाले होते. ते शाळेतून तिचा दाखला न्यायला आले, तेव्हा मी आणि जरीनाने त्यांना फाटकातच गाठलं. म्हणणं आणि पुरावा मी मांडला: जरीना वर्गात पहिली आहे, मॅट्रिक जवळ आलंय, ती आमच्या घरी राहील.

"लई बराबर बोललीस, बेटी," अब्बा म्हणाले. "पर पान्याबिगर म्या रंगवू कशात? अन् हिला ठिवून हिची अम्मी जाईल व्हय?"

आवाहन जरीनाने करायचं होतं, तिने ते पाठही केलं होतं. ती अब्बांच्या हातांकडे बघत राहिली. एरवी कोपरापर्यंत निळे असणारे ते हात अगदी स्वच्छ होते. मग तीच दाखला आणायला आत गेली.

तेव्हा मला वाटलं, ती पाठ केलेलं विसरली.