तारांवरचा ओला हात

आमचा मामा हॉटेलातल्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचा. गाण्यात ती कुणाच्या लक्षात येत नाही, पण थांबली की सगळ्यांना चुकल्यासारखं होतं. मामीला मात्र ती नको तितकी ऐकू यायची, कारण मामाच्या रियाजानं स्वयंपाकघरातली ताटं थरथरायची. संध्याकाळी भांडी घासून झाली की ती बाहेर यायची आणि ओला तळवा सरळ तारांवर ठेवायची. "पुरे आता." सूर जागच्या जागी गप्प. "बरं बाई, थांबलो," मामा म्हणायचा. ओल्या हातानं तारा गंजतात म्हणून वर कुरकुरायचा आणि फडक्यानं त्या पुसून काढायचा.

मामी गेली तेव्हा ती गिटार डोळ्यांसमोर नको म्हणून त्यानं कुणाला तरी देऊन टाकली. मग वाजवल्यावाचून वेडापिसा झाला. दुकानातली तयार गिटार साहेबांना चालेना, म्हणून हातानं घडवणारे एकटेदुकटे कारागीर शोधायला लागला. "मनासारखी मिळाली तर ठीक, नाहीतर वाजवणंच बंद," म्हणाला. वाजवणं सोडलेला मामा किती दिवस तग धरेल, याची मला धास्ती होती.

पहिल्या कारागिरानं 'पुढच्या महिन्यात' म्हणत वर्ष घालवलं. गिटार आली ती देखणी, पण दिवसभर नीट वाजायची आणि संध्याकाळ झाली की सूर मध्येच तुटायचा. "नाव मोठं लक्षण खोटं," म्हणत मामानं ती परत पाठवली. दुसरीचंही तेच. तो दुसरा तर फोनवर म्हणाला, "आमच्याकडे उत्तम वाजते. नाचता येईना अंगण वाकडं!" मामा त्या दिवशी धड जेवला नाही.

तिसरा भला माणूस. त्याच्या गिटारीचीही तीच तक्रार ऐकून स्वतःच घरी आला. दिवेलागणीची वेळ होती. त्यानं खिडकीशी बसून वाजवली. सूर लांबत गेला, आत ताटं थरथरली. मग मामानं घेतली. पहिलाच सूर कुणी दाबावा तसा गप्प झाला.

कारागिरानं वाकून तारांवर बोट फिरवलं आणि पॅंटला पुसलं.

"काका, हे पाणी कुठून आलं?"

त्यानं फडक्यानं तारा कोरड्या केल्या. मामानं पुन्हा छेडलं. पुन्हा सूर गप्प, पुन्हा तारा ओल्या. भांड्यांच्या साबणाचा वास आला. आम्हा तिघांपैकी कुणीच आत गेलं नव्हतं. सख्खी भाची असूनही मी बाहेरच्या दाराकडे सरकले.

"मी ही परत नेतो," कारागीर चाचरत म्हणाला. "दुसरी करून देतो."

मामानं गिटार छातीशी घट्ट धरली.

"परत? दोन पाठवल्या ना मी परत!" तो म्हणाला. "दोनदा घरी आली होती ती. दोनदा मीच तिला हाकलून दिलं."

कारागीर चपला हातात घेऊनच जिना उतरला. मामा स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या दाराकडे बघत होता. "बरं बाई," तो म्हणाला, "थांबलो."

काहीतरी करायचं म्हणून मी फडकं पुढे केलं.

"राहू दे," मामा म्हणाला. "गंजू देत."