शहादेवनं जमवलेली कालबुतं

घाटनांदूरच्या बाजारपेठेत शहादेवचं टोप्यांचं दुकान होतं. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. बार्शीहून बैलगाडीनं काळ्या टोप्या यायच्या, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर तपासणी होऊन. माल हातोहात खपायचा.

शहादेव मूळचा पगडबंद. म्हाळू उस्तादाच्या हाताखाली त्यानं आठ वर्षं काढली होती. डोक्याच्या मापाचा लाकडी ठोकळा, म्हणजे कालबूत, मांडीवर घ्यायचा, खळ लावलेलं कापड त्यावर वेढ्यामागून वेढा देत बांधायचं, सुईनं टाचायचं, वाळलं की पगडी उचलून घ्यायची. एकेका पगडीला चार-चार दिवस जायचे. शहादेव कंटाळला. पंचविशीत त्यानं गाडीभर टोप्या आणल्या आणि दुकान मांडलं ते नेमकं उस्तादाच्या दारासमोर. दोन लग्नसराया गेल्या, म्हाळूकडं कुणी फिरकेनासं झालं. म्हाताऱ्यानं लोकांच्या शेळ्या वळायला घेतल्या. शहादेव गल्ला सोडून कधी त्याच्या ओसरीवर गेला नाही.

पुढं पंधरा वर्षांनी तलवाड्याला पाहुण्यांकडं गेला असताना त्याला गोठ्यात एक कालबूत दिसलं. खुंट्या ठोकायला वापरून त्याचा माथा चेचला होता. तळाशी मोडी लिपीत कुणाचं तरी नाव. शहादेवनं ते मागून घेतलं. मग त्याला नादच लागला. शिरूर कासारापर्यंत तो गावोगाव फिरला. बंद पडलेल्या पगडबंदांच्या घरून कालबुतं, सुया, कापडाला झिलई द्यायचे घोटे, विटक्या पगड्या, जे मिळेल ते आणलं. दुकानामागची खोली भरली. एकेचाळीस कालबुतं झाली.

त्याची बायको वच्छलाबाई एकदा म्हणाली, "ज्यांच्या हातचं काम तुमी काढून घेतलं, त्यांचेच ठोकळे पुसत बसता. लाज न्हाई वाटत?"

दुसऱ्या दिवशी शहादेव म्हाळूकडं गेला.

म्हाळूला आता दिसत नव्हतं. त्याची सून चतुराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं पाहुण्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"उस्ताद, मी शहादेव. तुमचं ते बाभळीचं कालबूत हाय का अजून? मी ज्याच्यावर शिकलो ते."

"हाय. तुला कावून पायजे?"

"जपून ठेवावं म्हनतो."

म्हातारा हसला. "मी समोरच होतो की बे. मला कावून न्हाई जपलं?"

चतुराबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"देतो," म्हाळू म्हणाला. "माझ्यापुढं बस अन् त्याच्यावर पगडी बांध. मग घेऊन जा."

चतुराबाईनं मनाविरुद्ध कालबूत आणून दिलं, जुनं लुगडं फाडून पट्टी दिली. शहादेव मांडी घालून बसला. पहिले चार वेढे जमले. पाचव्याला कापडाला पीळ कुठून द्यायचा ते आठवेना. त्यानं सोडून पुन्हा बांधलं, पट्टी घसरली. तिसऱ्यांदा बांधताना कपाळावर घाम आला. म्हाळू हात पुढं करून कापड चाचपत होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "टोप्या इकून हात मेला तुझा. नुसतं लाकूड घेऊन काय करशील?"

"शिकवा ना उस्ताद. पुन्हा पहिल्यापासनं."

"आता न्हाई."

म्हाताऱ्यानं कालबुतावरची पट्टी उलगडली आणि सुनेला हाक मारली. "चुलीत घाल ते."

चतुराबाई क्षणभर थांबली. मग तिनं ते जाळात सरकवलं. शहादेव धावला नाही. बाभूळ सावकाश पेटते. ती नीट पेट घेईपर्यंत तो तिथंच बसून होता.

त्याच वर्षी आषाढात म्हाळू गेला. शहादेव खांदा द्यायला पुढं झाला तर चतुराबाईनं सगळ्यांदेखत त्याला मागं सारलं. तो स्मशानापर्यंत सगळ्यांत शेवटी चालत गेला.

नंतर बरीच वर्षं तो दुपारी खोलीत बसून पाचवा वेढा आठवायचा प्रयत्न करी. विचारायला आसपास कुणी उरलं नव्हतं. लांबून माणसं ती खोली बघायला येत, कौतुक करत. शहादेव गल्ल्यावरून उठत नसे.

"आत हाय सगळं," तो म्हणायचा. "बघून घ्या. मला त्यातलं काही येत न्हाई."