पडद्यावरचा घाट

आमचे हे बसचालक. घाटात माणसं खिडकीतून ओकायची आणि हे पुढे शेंगदाणे चघळत गाडी हाकायचे. डेपोत नावच पडलं होतं, लोखंडी. गाडी लागणाऱ्यांची टर उडवायचे, पण जीव मऊ. उलटीच्या गोळ्यांचा डबा कायम जवळ. कुणी पांढरंफटक दिसलं की गोळी हातावर ठेवायचे, "घ्या आणि झोपा. घाट संपला की उठवतो."

मग डेपोत ते मेलं यंत्र आलं. बंद खोली, खुर्ची, स्टिअरिंग आणि समोर पडदा. पडद्यावरच्या घाटात गाडी चालवून दाखवायची. नापास झालात तर स्टिअरिंग सुटलं, गाड्या धुवायच्या.

"पोरखेळ आहे गं," म्हणून हे गेले आणि तिसऱ्याच वळणाला भडाभडा ओकले. बाहेर सगळे फिदीफिदी हसले. लोखंडाला गंज चढला म्हणे!

घरी येऊन म्हणाले, "डोळ्यांपुढे रस्ता पळतोय आणि बूड जागच्या जागी. पोटाने ऐकायचं कुणाचं?" शिकवणारा म्हणे सांगत होता, मुरलेल्या चालकांनाच हे जास्त होतं. मग त्यांनाच कशाला बसवता त्यात, मुडद्यांनो!

एकच संधी उरली होती. त्या सकाळी यांनी आपल्याच डब्यातल्या दोन गोळ्या गिळल्या. परीक्षेनंतर सुट्टी होती. "पास होतो आणि घरी येऊन ताणून देतो," म्हणाले. मी पडदे ओढून अंथरूण घालून ठेवलं.

पास झाले. तेवढ्यात दुपारच्या गाडीचा चालक आजारी पडल्याचा निरोप आला. साहेब म्हणाले, "लोखंडी, तूच जा." गोळ्यांचं सांगावं, तर हाती आलेलं जाणार. हे गप गाडीवर चढले. तोंड उघडायचं होतं हो एकदा! पण नाही.

वाहक नंतर सांगत होता, दादा सारखे जांभया देत होते, डोळ्यांवर पाणी मारत होते. शेवटच्या वळणावर गाडी वळलीच नाही. पुढच्या सीटवर शिवणकाम करणारी एक बाई होती, मांडीवर लेक. दोघी जागच्या जागी गेल्या. पोरीला घाट सुरू व्हायच्या आधी यांनीच अर्धी गोळी दिली होती.

यांचा नुसता हात मोडला. घरीच असतात. डोळा लागला की दचकून उठतात आणि उजवा पाय जमिनीवर गच्च दाबतात. काल डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि यांच्याच सवयीचं बोलून गेले, "घ्या आणि झोपा."

यांनी पेला बाजूला ठेवला. गोळी तशीच हातात.

"अगं," म्हणाले, "त्या पोरीला उठवायचं राहिलं."