मागं ऐकू येतंय का?

आमच्या श्रीगोंद्यात लग्न असो नाहीतर दहावा, माईक आमच्या या स्पीकरवाल्या दोस्ताचाच. आधी तो माईकवर फुंकर मारणार, मग शेवटच्या रांगेकडे बघून विचारणार, "मागं ऐकू येतंय का?" होकार आल्याशिवाय तो मंत्र्यालाही बोलू देत नाही.

परवा आम्ही चौकात ऊसतोडणीच्या बायांवरचा माहितीपट दाखवणार होतो. पडदा बांधून झाला आणि हवालदार आले. सरकारची बंदी आहे, पिक्चर लावायचा नाही!

"न्हाई लावत," म्हणत याने प्रोजेक्टर पेटीत ठेवला आणि माहितीपटातल्याच एका मावशींच्या हाती माईक दिला. "मावशी, आता तुमीच सांगा. तुमच्यावर कुठं बंदी हाय?"

त्या तोंड उघडणार, तेवढ्यात याने सवयीने विचारलं, "मागं ऐकू येतंय का?"

सगळ्यात मागून हवालदारच ओरडले, "न्हाई! जरा आवाज वाढव!"