गुरुवारची लावणी

सांगवीतल्या खोलीत बसून मी भाताचं मॉडेल चालवत होते. हवामान बदलत गेलं तर पीक किती येईल, हे ते संगणकावर सांगतं. चाचणीला शेत घेतलं होतं चाकणजवळचं, आमचंच. उष्णता वाढवली की आकडा घसरायचा.

लावणीची तारीख कुठली धरायची, म्हणून वडिलांना फोन केला.

"गुरुवार. कंपनीला सुट्टी तवाच."

"आणि पाऊस शुक्रवारी झाला तर?"

"तर फुडल्या गुरुवारी."

म्हणजे रोपं आठवडाभर जून होत राहणार! तसं मॉडेलमध्ये घातलं, तर आकडा आणखी खाली आला. मी चिडलेच. "एक दिवस रजा टाका की!"

"रजा उन्हाळ्यातच संपल्या. गरमीनं कंपनीत दोनदा चक्कर आली व्हती. तुला बोललो न्हाई."